पाटी सेवेची, राखण कोणाची?

बैलबाजारात बैल घ्यावयाचा झाला म्हणजे आमचा शेतकरी प्रथम त्याचे दात पाहतो, खूर पाहतो, चार पावले चालवून पाहतो. विकणाऱ्याच्या गळ्यात तुळशीची माळ आहे म्हणून त्या माळेकडे पाहून तो पैसे मोजीत नाही. आठवड्याच्या बाजारात आमची मायबहीण मडके घेते तेव्हा टिचकी मारून त्याचा आवाज ऐकते, आणि कुंभारही त्याचा राग मानीत नाही. कारण पक्के भाजलेले मडके टिचकीला भीत नाही. सोनार सोन्याला कस लावतो, सुतार लाकडाला गुण्या लावतो. पारखून घेणे हा आम्हा कष्टकऱ्यांचा पिढीजात गुण आहे. परंतु हाच शेतकरी व हीच मायबहीण आपले पोटचे लेकरू एखाद्या वसतिगृहात, आश्रमशाळेत, बालगृहात, तालमीत अगर सुटीच्या शिबिरात सोडावयास जातात तेव्हा काय पाहतात? दारावरची पाटी पाहतात! पाटीवर ‘सेवा’ हा शब्द असला, भिंतीवर थोर पुरुषांच्या तसबिरी असल्या आणि अध्यक्ष महाशयांनी हात जोडून ‘काळजी करू नका’ म्हटले, की झाले. पोराची ट्रंक खाली ठेवून, त्याच्या डोक्यावरून हात फिरवून, आईबाप एस.टी. धरून परत फिरतात. मडक्याची पारख झाली. लेकराच्या राखणीची कोणी केली नाही.

शेतकरी बांधवांनो, कारागीर भावांनो आणि मायबहिणींनो, आज आम्ही एकच गोष्ट स्पष्ट सांगणार आहो. सेवा करणे हे कोणाच्याही चारित्र्याचे प्रमाणपत्र नव्हे. संस्थेत मूल सुखरूप राहते ते उघड्या दाराने, ठरलेल्या नियमाने आणि बाहेरच्या माणसाच्या नजरेने राहते. संस्थापकाच्या पुण्याईवर राहत नाही. जोतीरावांनी आम्हांस शिकविले की, निर्मिक आणि मनुष्य यांच्यामध्ये दलाल नको. तोच धडा येथे लावा. मूल आणि त्याची फिर्याद यांच्यामध्ये दलाल नको. ज्या संस्थेत मुलाचे रडणे अध्यक्षाच्या परवानगीवाचून कुंपणाबाहेर ऐकू येत नाही, त्या संस्थेचे नाव कितीही थोर असो, तेथे नवी भटशाहीच नांदते आहे असे आम्ही समजतो.

आमच्या लिहिण्याचा कोणी विपर्यास करू नये. मुलांस आसरा देणाऱ्या संस्था ही आमच्याच चळवळीची कमाई आहे. १८६३ साली जोतीराव व सावित्रीबाई यांनी पुण्यास आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. फसलेल्या विधवेने यावे, सुखाने बाळंत व्हावे आणि नवजात जीवाच्या गळ्याला नख लागू नये, एवढाच त्यांचा हेतू होता. अशाच एका विधवेचा मुलगा यशवंत त्यांनी दत्तक घेतला. तो पुढे डॉक्टर झाला, आणि १८९७ च्या प्लेगात आजाऱ्यांची शुश्रूषा करता करता सावित्रीबाईंनी देह ठेवला. १८७७ च्या दुष्काळात सत्यशोधक मंडळींनी धनकवडीस भुकेल्या मुलांच्या अन्नाची सोय केली. १९०१ साली शाहू छत्रपतींनी कोल्हापुरात मराठा विद्यार्थ्यांचे बोर्डिंग काढविले. मागोमाग जैन, लिंगायत, मुसलमान अशा समाजांची बोर्डिंगे उभी राहिली, आणि १९०८ साली अस्पृश्य मानलेल्या मुलांकरिता मिस क्लार्क बोर्डिंग निघाले. १९१९ साली भाऊराव पाटलांनी काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापिली व १९२४ साली साताऱ्यास सर्व जातींच्या मुलांचे एकत्र वसतिगृह घातले. ही छपरे नसती तर आमची पोरे अजून दुसऱ्याच्या गुरांमागे असती. म्हणून संस्था मोडा असे आम्ही कधीही म्हणणार नाही.

परंतु त्याच साताऱ्याच्या वसतिगृहाची एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. पोरे उपाशी निजू नयेत म्हणून भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी अंगावरचे दागिने मोडले, अखेर मंगळसूत्रसुद्धा मोडले. जातीजातीच्या पोरांची ती माउली १९३० साली वारली. आता आमचा प्रश्न असा की, अशी माउली प्रत्येक संस्थेस कोठून मिळणार? आणि एके ठिकाणी मिळाली तरी तिच्या माघारी काय? माणूस मरतो, थकतो, फसतो. संस्थापकाच्या मागे त्याचा पुतण्या येतो, पुतण्याच्या मागे मेहुणा येतो. पहिल्या पिढीने गोळा केलेल्या पुण्यावर तिसरी पिढी खुर्ची मांडून बसते. मायेचा वारसा नेमाने देता येत नाही. नियमाचा देता येतो. म्हणून ज्यांना लक्ष्मीबाईंच्या नावाचा खरा अभिमान असेल त्यांनी तसबिरीला हार घालून न थांबता, त्या माउलीच्या मायेची जागा घेईल असा कडक नियम संस्थेत बसवावा.

आता कोणी विचारील की, सेवेच्या ठिकाणी असली पापे होतील कशी? बाबांनो, तेथेच होतील! चोर भरल्या कणगीकडे जातो, रिकाम्या खोपीकडे जात नाही. ज्याच्या मनात लेकरांविषयी पाप असते तो अशी जागा हुडकीत असतो की, जेथे लेकरे पुष्कळ, आईबाप दूर आणि लोक प्रश्न न विचारणारे. सेवेची पाटी त्याला या तिन्ही गोष्टी एके ठिकाणी मिळवून देते. तो अंगावर काटे घेऊन येत नाही. तो गोड बोलतो, पोरांना खाऊ देतो, अध्यक्षांची कामे करतो, सुटीतही घरी जात नाही, आणि लोक म्हणतात, ‘काय हो याची निष्ठा!’ २००७ साली केंद्र सरकारच्या महिला व बालविकास खात्याने १३ राज्यांतील १२,००० हून अधिक मुलांशी बोलून केलेली पाहणी प्रसिद्ध केली. त्यात शंभरांपैकी ५३ मुलांनी आपणांवर कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक अत्याचार झाल्याचे सांगितले. अत्याचार करणारांपैकी सुमारे निम्मे लोक मुलांच्या ओळखीचे व विश्वासाच्या जागेवरचे होते. आणि ‘आमचा मुलगाच आहे, त्याला कसले भय?’ असे म्हणणाऱ्या बापांनी हेही ऐकावे की, सोसणाऱ्यांत मुलग्यांची संख्या मुलींपेक्षा थोडी अधिकच होती.

कुंपणानेच शेत खाल्ल्याचा एक मोठा खटला बिहार प्रांतात झाला. तो आपल्या मुलखातील नाही, पण त्यातील धडा आपल्या दारी टांगून ठेवण्याजोगा आहे. मुजफ्फरपूर येथे एक सेवासंस्था निराधार मुलींचे बालिकागृह चालवीत असे. सरकारी अनुदान होते, नोंदवह्या होत्या, तपासणीचे अधिकारी येत व जात होते. संस्थेचा धनी वर्तमानपत्राचाही मालक होता. अशा संस्थांची पाहणी करण्याचे काम टाटा समाजविज्ञान संस्थेच्या मंडळींकडे आले. त्यांनी दप्तर पाहिलेच, परंतु दप्तरावर न थांबता ते मुलींशी बोलले. २०१८ साली त्यांचा अहवाल सरकारकडे गेला आणि नरकाचे झाकण उघडले. ३० हून अधिक मुलींवर अत्याचार झाल्याचे निघाले. सर्वोच्च न्यायालयाने खटला दिल्लीस हलविला; जानेवारी २०२० मध्ये १९ जण दोषी ठरले आणि पुढच्याच महिन्यात संस्थेच्या धन्यास मरेपर्यंत जन्मठेप झाली. दोषींमध्ये कोण होते? तेथे काम करणाऱ्या बाया होत्या, आणि ज्यांना मुलांच्या रक्षणाकरिताच नेमले होते असे बालकल्याण समितीचे व जिल्हा बालसंरक्षण कार्यालयाचे लोकही होते! आता सांगा, तेथे काय कमी होते? शिक्के होते, सह्या होत्या, भेटीच्या नोंदी होत्या. कमी होते ते एकच: मुलींना बाहेरच्या माणसाशी निर्भयपणे बोलता येईल अशी वाट. ती वाट उघडली त्या दिवशी सारे उघडे पडले.

आणि बिहारकडे बोट दाखवून आम्ही हात झटकू नये. ऑगस्ट २०२४ मध्ये ठाणे जिल्ह्यातील बदलापुरास शिशुवर्गातल्या दोन चिमुरड्यांवर शाळेतच अत्याचार झाल्याची फिर्याद घेऊन त्यांचे पालक पोलिसांकडे गेले. फिर्याद नोंदण्यास विलंब झाला. लोक रेल्वेच्या रुळांवर उतरले, तासन् तास गाड्या थांबल्या, तेव्हा कोठे सरकारची गाडी हलली. मुंबई उच्च न्यायालयाने ते प्रकरण आपण होऊन हाती घेतले, आणि प्रकार कळूनही पोलिसांस न कळविल्याबद्दल शाळेच्या चालकांवर गुन्हा नोंदला गेला. कोवळ्या लेकरांची फिर्याद ऐकली जावी म्हणून गावाला रूळ अडवावे लागावेत, ही आमच्या राज्याची केवढी नामुष्की!

असे काही बोलू लागले म्हणजे संस्थाचालक मंडळी तीन मंत्र म्हणतात. पहिला मंत्र ‘संस्थेची बदनामी होईल.’ आम्ही विचारतो, बदनामी गुन्ह्याने होते की गुन्हा सांगितल्याने? गळू फोडल्याने माणूस मरत नाही. आत दाबून ठेवल्याने मरतो. ज्या संस्थेने स्वतः होऊन पोलिसांस कळविले तिच्यावर लोकांनी उलट अधिक विश्वास ठेवावा. दुसरा मंत्र ‘मुले खोटे बोलतात.’ मूल पेरू चोरला नाही म्हणून खोटे बोलेल, गृहपाठ विसरलो म्हणून खोटे बोलेल. परंतु जी गोष्ट सांगितल्याने मार बसतो, टोमणे मिळतात आणि आईचा चेहरा पडतो, ती खोटी सांगून त्याला काय मिळावयाचे आहे? खरे की खोटे हे ठरविणे न्यायाधीशाचे काम आहे; अध्यक्षाचे नव्हे, आणि गावच्या पंचांचेही नव्हे. तिसरा मंत्र ‘आमचे सारे कागद पक्के आहेत.’ मुजफ्फरपुरासही कागद होते!

या मंत्रांपेक्षाही भयंकर अशी एक चाल आहे. एखाद्या नोकराचे प्रकरण दबक्या आवाजात कार्यालयापर्यंत आले म्हणजे त्याला खोलीत बोलावतात, राजीनामा लिहून घेतात, आणि ‘वर्तणूक चांगली’ असा दाखला देऊन वाटेला लावतात. सारे सुटकेचा श्वास टाकतात. संस्थेचे नाव राखले म्हणून एकमेकांची पाठ थोपटतात. तो गृहस्थ तो दाखला घेऊन दुसऱ्या तालुक्यात, दुसऱ्या वसतिगृहात, दुसऱ्या लेकरांच्या उशाशी जाऊन बसतो. आपल्या बांधातला साप धरून शेजाऱ्याच्या खळ्यात सोडावा, तसला हा प्रकार आहे. त्या दाखल्यावर सही करणारा हात पुढच्या प्रत्येक पापाचा भागीदार आहे असे आमचे मत आहे, आणि ते कोणास कडू लागले तरी आम्ही बदलणार नाही.

आता आमच्याच लोकांना एक कानपिचकी. संस्था परक्याची असली म्हणजे आम्ही मोर्चा काढतो. संस्था आपल्या जातीची, आपल्या पक्षाची, आपल्या आमदार साहेबांची असली म्हणजे मात्र ‘घरातली गोष्ट आहे, चव्हाट्यावर नको’ असे कुजबुजतो. भटाने नाडले तर जुलूम, आणि आपल्या पाटलाने नाडले तर घरचे भांडण, हा न्याय सत्यशोधकाला शोभत नाही. ज्या लेकराचे अंग नासविले त्याला त्या नराधमाच्या जातीने काय दिलासा मिळणार? जोतीरावांची लढाई एका जातीची खुर्ची काढून दुसऱ्या जातीला देण्याकरिता नव्हती. जो कोणी प्रश्नाच्या वर जाऊन बसतो त्याला खाली उतरविण्याची ती लढाई होती. मग तो बसणारा आपला सोयरा असो वा व्याही असो.

कायदा कोणाच्या बाजूस आहे हे ज्याने त्याने समजून घ्यावे, कारण गरिबाचे अज्ञान हीच गुन्हेगाराची ढाल असते. मुलांचे लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण करणारा कायदा २०१२ साली झाला. लोक त्याला पोक्सो म्हणतात. मुलगा असो वा मुलगी, १८ वर्षांच्या आतील प्रत्येकास तो लागू आहे. असा गुन्हा झाल्याचे अगर होण्याचा संभव असल्याचे ज्याला कळेल त्याने तो पोलिसांस कळविलाच पाहिजे. न कळविल्यास ६ महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालच्या माणसाचा गुन्हा लपविला तर १ वर्षापर्यंत कैद व दंड. सद्भावाने कळविणाऱ्यावर मात्र खटला चालत नाही, आणि मुलाने दिलेली फिर्याद पुढे खोटी ठरली तरी त्या मुलास शिक्षा नाही. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला रुचेल त्या जागी घ्यावयाचा, होईल तितके करून फौजदार दर्जाच्या बाई अधिकाऱ्याने घ्यावयाचा, अंगावर पोलिसी गणवेश नसावा, आईबाप अगर मुलाच्या विश्वासाचे माणूस जवळ असावे. रात्री मुलाला कोणत्याही कारणाने ठाण्यात ठेवावयाचे नाही. मुलीची वैद्यकीय तपासणी बाई डॉक्टरनेच करावयाची. मुलाचे नाव, गाव, शाळा वर्तमानपत्रात छापावयाची नाही. हे सारे तुमच्या हक्काचे आहे. ठाण्यात कोणी उपकार म्हणून देऊ लागला तर त्याला तसे सांगा.

याच कायद्याखाली २०२० साली जे नियम झाले त्यांत शाळा, पाळणाघर, क्रीडा प्रबोधिनी, वसतिगृह, जेथे जेथे मुलांशी नित्य संबंध येतो अशा प्रत्येक संस्थेने आपल्या प्रत्येक माणसाची, मग तो गुरुजी असो, स्वयंपाकी असो, कायम असो की कंत्राटी असो, पोलिसांकडून वेळोवेळी पडताळणी करून घेतली पाहिजे, असे सांगितले आहे. निराधार व काळजीची गरज असलेली मुले ठेवणाऱ्या संस्थेची २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाखाली नोंदणी झालीच पाहिजे. नसल्यास चालकास १ वर्षापर्यंत कैद, किमान १ लाख रुपये दंड, किंवा दोन्ही. म्हणजे ‘आम्ही धर्मादाय काम करतो, आम्हांला कशाला नोंदणी?’ हे म्हणणे चालावयाचे नाही.

तेव्हा मडके वाजवावयाचे कसे, ते सांगतो. लेकरू ठेवण्यापूर्वी संस्थेत एक दिवस राहा, आणि अध्यक्षांच्या बैठकीत चहा पिऊन परत येऊ नका. मुले निजतात ती खोली पाहा. रात्री तेथे कोण निजते ते विचारा. मुलींच्या वसतिगृहात रात्री बाई अधीक्षिका खरोखर राहते, की नुसते तिचे नाव राहते? संडास किती लांब आहे, वाटेवर दिवा आहे काय, आतली कडी लागते काय? ज्या घरातील बाईला अंधारात परसाकडे जावे लागले आहे तिला या प्रश्नाचा अर्थ आम्ही सांगावयास नको. कोणाही मोठ्या माणसाने एकट्या मुलाला बंद दाराआड बोलावू नये, घरकामाकरिता अगर अंग रगडण्याकरिता आपल्या बिऱ्हाडी नेऊ नये, असा नियम आहे काय, आणि तो स्वतः अध्यक्षालाही लागू आहे काय? नव्या नोकराला ठेवताना त्याच्या आधीच्या संस्थेला विचारले होते काय, की नुसता दाखला पाहिला?

तक्रारीची पेटी कोठे आहे ते पाहा. बालगृहांच्या नियमांत ही पेटी कार्यालयापासून दूर व मुलांच्या निजण्याच्या जागेजवळ असावी, आठवड्यास उघडावी, आणि मुलांच्या समितीसमक्ष उघडावी असे आहे. फार शहाणपणाचा नियम आहे तो! अधीक्षकाच्या टेबलासमोर टांगलेल्या पेटीत चिठ्ठी टाकणे म्हणजे लांडग्याच्या दारात कोकराने फिर्याद ठेवणे होय. किल्ली कोणाच्या कनवटीला आहे हेही विचारा. मग असे विचारा की, आगाऊ न कळविता भेटीस आलो तर चालेल काय, आणि पोराला आमच्याशी फोनवर एकट्याने बोलू द्याल काय? या दोन प्रश्नांवर ज्याचा चेहरा बदलेल त्याच्या दारातून लेकराची ट्रंक उचला आणि चालू लागा. चांगली संस्था या प्रश्नांनी रागावणार नाही. पक्के मडके टिचकीला भीत नाही हे आरंभीच सांगितले आहे.

आता घरचे कर्तव्य. दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन जोडीने ऊसतोडीला जाणारी आमची कितीतरी माणसे लेकरांना हंगामी वसतिगृहात अगर म्हाताऱ्या आजीजवळ ठेवून जातात. पोटाचा प्रश्न आहे. त्यांना कोण नावे ठेवणार? परंतु जाण्यापूर्वी लेकराला चार शब्द सांगून जा. तुझ्या अंगावर तुझा हक्क आहे. नको तेथे कोणी हात लावला, अगर ‘घरी सांगू नकोस’ म्हणाला, तर तो मास्तर असो, मामा असो, महाराज असो, तू ओरड, पळ आणि सांग. सांगितलेस तर आम्ही तुला मारणार नाही. हे शेवटचे वाक्य सर्वांत मोठे आहे. १०९८ हा आकडा त्याच्याकडून पाठ करून घ्या. मुलांच्या मदतीचा हा फोन १९९६ साली मुंबईत सुरू झाला. आज तो देशभर रात्रंदिवस चालतो आणि त्याला पैसा पडत नाही. हसतेखेळते पोर एकाएकी मुके झाले, सुटी संपल्यावर परत जाताना हंबरडा फोडू लागले, थोराड वयात अंथरूण ओले करू लागले, एकाच माणसाच्या नावाने दचकू लागले, तर भूत उतरवावयास देवऋष्याकडे धावू नका. पोराजवळ बसा आणि ऐका. आणि ‘मुलीचे लग्न कसे होईल’ या भीतीने तोंड शिवून घेऊ नका. अब्रू गुन्हा करणाऱ्याची जाते. ज्याच्यावर गुन्हा झाला त्याची जात नाही. हा साधा हिशेब आमच्या समाजाला कळेल त्या दिवशी निम्मे गुन्हेगार उघडे पडतील.

शिक्षकाच्या पेशातील माणूस म्हणून आमच्या व्यवसायबंधूंनाही एक सांगणे आहे. २००९ च्या शिक्षण हक्काच्या कायद्याने मुलाला मारणे व मानसिक त्रास देणे बंद केले आहे. छडी गेल्याने शिस्त गेली असे रडगाणे काही मास्तर अजून गातात. त्यांनी विचार करावा की, मोठ्या माणसापुढे मान वर करावयाची नाही, सोसावयाचे आणि गप्प राहावयाचे, हा धडा ज्या मुलाने छडीखाली गिरविला, ते मूल पुढे एखाद्या नराधमापुढे ‘नाही’ कसे म्हणणार? मारकुट्या शाळेत तयार झालेले गप्प मूल हेच त्याला हवे असते. राज्य सरकारने २०२२ साली शाळाशाळांतून ‘सखी सावित्री समिती’ नेमण्याचा हुकूम काढला. समितीच्या नावात सावित्री आहे. कामात आहे काय, हे मुख्याध्यापकांनी सांगावे आणि पालकांनी विचारावे.

पुढच्या ग्रामसभेत रस्ता, गटार, घरकुल यांच्या जोडीला हा विषय घ्या. गावातील किती लेकरे बाहेरगावी कोणत्या संस्थेत आहेत याची यादी करा. दोन बाया व दोन पुरुष निवडा, आणि त्यांनी दर दोन महिन्यांनी, आगाऊ न कळविता, त्या प्रत्येक ठिकाणी जाऊन लेकरांशी एकांतात बोलून यावे असे ठरवा. गावपातळीच्या बालसंरक्षण समितीचे सभासद कोण आणि ती शेवटची कधी बसली, हे सरपंचांना उभे राहून विचारा. एस.टी.चे भाडे वर्गणीतून द्या. सप्ताहाच्या जेवणावळीतील एक पंगत कमी झाली तरी पांडुरंग रागावणार नाही.

उभ्या पिकाला माळ्यावर बसून, गोफण फिरवून, रात्ररात्र जागून राखणारा शेतकरी आम्ही. कणसावर पाखरू बसले तरी आमचे ध्यान जाते. ‘शेजाऱ्याने राखण करतो म्हटले आहे, तो देवमाणूस आहे’ म्हणून पीक सोडून घरी निजणारा कुणबी अजून जन्मास यावयाचा आहे. तर मग लेकराच्या बाबतीत तरी आमची झोप इतकी गाढ का असावी?

— एक खेड्यातील शाळामास्तर